आठ तासांचा रकाना

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला बदलापूर लोकल पकडली की डोंबिवलीपर्यंत हात खिशापर्यंत पोचत नाही. डोंबिवलीला गर्दी जराशी हलते, कल्याणला बरीच उतरते, आणि मग मी फोन काढून टीमच्या टाइमशीट मंजूर करायला घेतो. आठ माणसं, पाच दिवस, चाळीस रकाने. प्रत्येक रकान्यात ८ असतो. चाळीस वेळा आठ. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, आणि बदलापूर यायच्या आत माझं काम संपलेलं असतं. मांजर्लीला घरी पोचेपर्यंत त्यातलं काही डोक्यात उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी त्या चाळिसांत एक ३ दिसला. मंगळवार, ३ तास. उरलेले ५ तास ‘इंटर्नल’ या कोडवर आणि पुढे शेरा : ‘काम नव्हतं.’ आमच्या टीममध्ये नुकताच आलेला मुलगा. बीड जिल्ह्यातला, वर्षभरापूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेला. मला ‘सर’ म्हणायचा. ‘सर नको’ म्हटल्यावर ‘दादा’वर आला आणि तिथेच थांबला. त्याने लिहिलेलं खरंच होतं. मंगळवारी क्लायंटकडचं सर्व्हर बंद होतं, जेवणानंतर कोणालाच काही करता येत नव्हतं. बाकी सात जणांनीही त्या दिवशी ३ तासच काम केलं होतं. त्या सातांत मीही होतो. आम्ही सगळ्यांनी ८ लिहिले होते.

मी ‘परत पाठवा’ हे बटण दाबलं. कारण लिहायची सक्ती असते म्हणून लिहिलं : ‘कृपया दुरुस्त करावे.’ अंबरनाथ यायच्या आत ८ होऊन परत आलं. सोबत मेसेज : ‘सॉरी दादा, मला माहीत नव्हतं. थँक यू.’

त्या ‘थँक यू’ने माझा शनिवार-रविवार खाल्ला.

हा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सॉफ्टवेअर कंपन्या ढोबळमानाने दोन जातींच्या. एक स्वतःचं काही बनवते आणि विकते. दुसरी माणसांचे तास विकते. मी दुसऱ्या जातीत आहे. आम्ही जे बनवतो ते आमचं नसतं, क्लायंटचं असतं. आमच्याकडे विकायला फक्त वेळ असतो. प्रत्येक हुद्द्याला तासाचा दर ठरलेला असतो. मी सीनियर झालो तेव्हा पगार जेवढा वाढला त्याच्या कितीतरी पटीने क्लायंटला लागणारा माझा दर वाढला असणार. असणार म्हणतो, कारण तो कागद आमच्यापर्यंत येत नाही. काही कंत्राटं ठरलेल्या रकमेची असतात, पण बरीचशी तासांवर चालतात. महिन्याच्या शेवटी आमच्या चाळीस-चाळीस रकान्यांची बेरीज होते आणि तिचं बिल निघतं.

मुंबईला हे नवीन नाही. टाटांनी १९६८ साली कन्सल्टन्सी सुरू केली ती मुंबईतच, आणि तेव्हापासून एका मोठ्या मराठी मध्यमवर्गाची घरं या तासांच्या विक्रीवर उभी राहिली. मांजर्लीतला माझा वन बीएचके त्यातलाच. आता हे गणित आणखी घट्ट झालंय. २०२५च्या जूनमध्ये त्याच कंपनीने नियम केल्याची बातमी आली की वर्षातले २२५ दिवस बिलात लागले पाहिजेत आणि बिनप्रोजेक्टचे, म्हणजे बेंचवरचे, दिवस ३५च्या वर जाता कामा नयेत. आमच्याकडे असा आकडा भिंतीवर लावलेला नाही. तो सगळ्यांना न सांगता ठाऊक आहे.

तर मी नेमकं काय केलं? एका खऱ्या आकड्याच्या जागी खोटा आकडा लिहून घेतला, एवढंच म्हटलं तर प्रकरण मिटतं. पण मी काही मुद्दाम खोटं बोलणारा माणूस नाही, आणि माझ्या बाजूने बोलायलाही काही मुद्दे होते. रविवारभर मी ते स्वतःलाच ऐकवत बसलो.

पहिला मुद्दा प्रत्येक ऑफिसात प्रत्येकाच्या तोंडी असतो : क्लायंट तासांचे नाही, अनुभवाचे पैसे देतो. व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट फिरते. बंद पडलेल्या यंत्रावर म्हातारा कारागीर एकच हातोडा मारतो, यंत्र सुरू होतं, तो दहा हजारांचं बिल देतो. मालक तपशील मागतो. हातोडा मारायचे दहा रुपये, कुठे मारायचा ते कळण्याचे नऊ हजार नऊशे नव्वद. ही गोष्ट मलाही आवडायची. आता नीट वाचली तर ती आमच्या विरोधातच जाते. म्हातारा दहा हजार मागतो आणि कशाचे ते तोंडावर सांगतो. ‘मी आठ तास हातोडा मारत होतो’ असं तो लिहीत नाही. किंमत किती लावावी हा एक प्रश्न आणि कशाची लावली हे सांगणं हा दुसरा. पहिल्यात हवी तेवढी मोकळीक घ्या, दुसऱ्यात ती नाही. आम्ही पहिल्यातली मोकळीक दुसऱ्यात वापरतो.

दुसरा मुद्दा जास्त दमाचा आहे. त्या पाच तासांत आम्ही घरी गेलो नव्हतो. जागेवर होतो. सर्व्हर दोन मिनिटांत सुरू झालं असतं तर आम्ही दोन मिनिटांत कामाला लागलो असतो. वाट पाहणं हे काम नाही का? अग्निशमन दलाच्या जवानाला आग लागली त्या दिवसाचाच पगार देतात का? रात्रपाळीचा वॉचमन चोर आला नाही म्हणून रिकामा बसला होता असं कोणी म्हणेल का? हे मला खरंच पटतं. वेळ राखून ठेवणं ही सेवा आहे आणि तिला मोल आहे.

पण मग आमच्या शीटवर ‘वाट पाहिली’ असं का नाही लिहीत? तिथे लिहिलेलं असतं ‘डेव्हलपमेंट’. आणि मंगळवारच्या त्या पाच तासांवर, माझ्या स्वतःच्या शीटमध्ये, ‘पेमेंट मॉड्यूल : चाचणी व दुरुस्ती’ असं मीच लिहिलेलं होतं. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा आणि ‘नरो वा कुंजरो वा’नंतर खाली आला, ही गोष्ट लहानपणी आजीने सांगितली तेव्हा मला वाटायचं, एवढं काय, त्याने हत्ती म्हटलं होतं की. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. शब्द अन् शब्द खरा. खोटं शब्दांत नव्हतंच. द्रोणाने त्या शब्दांतून काय समजून घ्यावं म्हणून ते बोलले गेले, त्यात होतं. टाइमशीटचंही तसंच. ‘आठ तास’ हे खरं की खोटं, हे मी खुर्चीत बसून काय करत होतो यावर ठरत नाही. तिकडे ती ओळ वाचणारा माणूस काय समजतो यावर ठरतं. क्लायंटने ‘माणूस दिवसभर हाताशी असावा’ म्हणून पैसे मोजले असतील तर माझे आठ तास खरे. ‘काम झालेले तास’ म्हणून मोजले असतील तर खोटे.

म्हणजे कंत्राट वाचायला हवं होतं. सोमवारी मी आमच्या डिलिव्हरी मॅनेजरला विचारलं. ते भले गृहस्थ आहेत, वीस वर्षं याच धंद्यात. म्हणाले, ‘ते आपल्याला दिसत नाही रे. आणि तुला कशाला हवंय?’ सहा वर्षं मी दर शुक्रवारी एका कागदावर सही करतो आहे आणि त्या सहीचा अर्थ ज्या दुसऱ्या कागदात लिहिलाय तो मी पाहिलेला नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तास ही गोष्ट कोणाच्या मालकीची, हे भांडण मुंबईत आमच्या फार आधी होऊन गेलंय. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या केल्या त्यात एक अशी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. मला हे वाक्य फार आवडतं. एका टोकाला घड्याळ, दुसऱ्या टोकाला सूर्य. घड्याळ मालकाचं होतं, पण सूर्य त्याला मागेपुढे करता येत नव्हता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचं ते टोकही मालकाच्या हातात गेलं. मग १९०६च्या सुरुवातीला सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. काही गिरण्यांनी घड्याळं पुढे केली. म्हणजे भोंगा आकड्याने त्याच वेळी, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी कामावर जायला नकार दिला आणि गिरणीवर दगड पडले. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ पुढे कित्येक दशकं सोडली नाही. ३९ मिनिटांसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. आम्ही पाच तास इकडून तिकडे करतो आणि ‘थँक यू दादा’ म्हणतो.

अर्थात फरक आहे. त्यांचे तास ओढले जात होते, आमचे फुगवले जातात. निदान मंगळवारी तरी. दुसऱ्या फरकाकडे पुढे येतो.

मावशी उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजूला राहायची. तिथे घरोघरी जीन्सची कामं यायची आणि ती दुपारी पँटचे लोंबणारे धागे कापायची. पैसे नगावर. शंभर पँट, इतके रुपये. त्यात वेळेचा संबंधच नव्हता. ताप असला तर कमी नग, मुलं मदतीला बसली तर जास्त. तिला कोणी कधी विचारलं नाही की मंगळवारी दुपारी दोन ते तीन तू काय करत होतीस. सुट्टीत मीही बसायचो कात्री घेऊन. नगाच्या हिशेबात खोटं बोलायला जागा नसते, शंभर म्हणजे शंभर. पण मावशीचं डोकं दुखायचं, पाठ धरायची, त्याला मात्र कुठेच रकाना नव्हता. नगाचा हिशेब चोख आणि निर्दय. मला तो आदर्श वाटत नाही. आमच्यातही कोणी लिहिलेल्या कोडच्या ओळी मोजून पैसे द्यायचं ठरवलं तर लोक दहा ओळींच्या जागी शंभर लिहितील आणि ते सगळं पुढच्याला उपसत बसावं लागेल.

बाबांशी बोललो तेव्हा निराळंच काही हाती लागलं. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत लेथवर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्यांना माझं काम नक्की काय ते अजून समजलेलं नाही, पण हा प्रश्न त्यांना अर्ध्या वाक्यात समजला. म्हणाले, ‘मग आयडल लिहायचं की.’ त्यांच्याकडे प्रत्येक कामाला जॉब कार्ड असे. कामाचा वेळ एका जागी, आणि मशीन उभं राहिलं तर तो वेळ ‘आयडल’खाली, कारणासकट. लाइट नाही. माल आला नाही. टूल तुटलं. क्रेन मोकळी नाही. ‘आणि तुमचा पगार कापायचे?’ मी विचारलं. ‘आमचा का कापतील? माल आला नाही तो आमचा दोष का? ते कार्ड प्लॅनिंगवाल्यांच्या डोक्यावर जायचं. साहेब त्यांना झापायचा.’

मी बराच वेळ गप्प बसलो. बाबांच्या कारखान्यात खरं बोलायला जागा छापलेली होती. आठ तासांपैकी पाच तास मशीन उभं राहिलं हे लिहायला धैर्य लागत नव्हतं, पेन लागत होतं. त्या लिहिण्यातून कोणाला तरी कळत होतं की माल वेळेवर येत नाही. आमच्या शीटमध्ये चाळीस आठ असतात, त्यामुळे क्लायंटचं सर्व्हर महिन्यातून चार वेळा बंद पडतं ही गोष्ट आमच्या कुठल्याच कागदात नाही. पुढचं काम किती वेळाचं याचा अंदाज आम्ही याच जुन्या शीट पाहून बांधतो. तीन तासांत झालेलं काम कागदावर आठ तासांचं आहे, म्हणून पुढच्या वेळी आठ मागतो. ‘कोणाचं काय बिघडतं’ या माझ्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर तिथे मिळालं. बिघडतं ते हे की आपण काय करतो हे आपल्यालाच कळेनासं होतं.

तासावर बिल लावण्याची रीत वकिलांनी रुळवली. बॉस्टनमधल्या एका वकिली फर्मचा कारभार पाहणाऱ्या रेजिनाल्ड हेबर स्मिथने गेल्या शतकाच्या सुरुवातीला वकिलांना तासाच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत, रोजची नोंद ठेवायला लावलं. मुळात हेतू आपला खर्च कुठे जातो ते कळावं हा होता, बाबांच्या जॉब कार्डासारखा. बिल त्यावर नंतर चढलं. आणि चढल्यावर जे व्हायचं ते झालं. वेबस्टर हबेल नावाचा वकील अमेरिकेच्या न्यायखात्यात अगदी वरच्या पदावर होता. आपल्या जुन्या फर्ममध्ये अशिलांना फुगवून बिलं लावल्याचं त्याने १९९४मध्ये कबूल केलं आणि तुरुंगात गेला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने एक मत प्रसिद्ध केलं होतं, ते माझ्या ओळखीच्या प्रत्येक मॅनेजरने वाचावं. एका अशिलासाठी विमानाने जाताना दुसऱ्याचं काम केलंत तर तोच तास दोघांना लावता येणार नाही. एकासाठी केलेला मसुदा दुसऱ्याला जसाच्या तसा उपयोगी पडला तर तो पुन्हा केल्याचे तास लावता येणार नाहीत. तासावर बिल लावायचं कबूल केलंत ना, मग जितके तास गेले तितकेच. हुशारीने वेळ वाचला तर तो अशिलाचा.

हे शेवटचं मला झोंबतं. कारण आता माझ्या संगणकावर एआयचा मदतनीस आहे. ज्या कामाला दोन दिवस लागायचे ते सकाळी चहा ते दुपारचा डबा एवढ्यात होतं. सगळंच नाही. त्याने लिहिलेलं वाचून तपासण्यात कधी उलट जास्त वेळ जातो. पण बरंच. वकिलांच्या त्याच संघटनेने २०२४च्या जुलैमध्ये याबद्दलही सांगून टाकलं : एआय वापरून पंधरा मिनिटांत झालं तर पंधरा मिनिटं लावा, अधिक ते वाचून तपासायला लागलेला वेळ. आमच्यासाठी असं कोणी बसून लिहिलेलं मला आढळलं नाही. ‘प्रामाणिक असा’ हे सगळ्याच आचारसंहितांत असतं, पण दुपारी दोनला काम संपल्यावर रकान्यात काय भरायचं ते त्यात नसतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मी काय करतो? एआयने वाचवलेले चार तास ‘डेव्हलपमेंट’मध्ये भरतो आणि कंपनीने बसवलेल्या ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ मागे चालू ठेवतो.

आता तो दुसरा फरक. आमचे तास फक्त फुगवले जात नाहीत. रिलीजच्या आठवड्यात रात्री दीडपर्यंत बसतो, तेव्हाही रकान्यात ८च असतो, फार तर ९. ठरलेल्या बजेटबाहेर तास गेले तर ‘तुमचा अंदाज चुकला’ असा ठपका येतो, म्हणून कोणी लिहीत नाही. २०२४मध्ये पुण्यातल्या एका बड्या बहुराष्ट्रीय सेवा कंपनीत नोकरीला लागून चार महिनेच झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं कामाच्या ओझ्याबद्दलचं पत्र सप्टेंबरात सगळीकडे पसरलं. कामाचा ताण हे कारण कंपनीला मान्य नव्हतं. त्यातलं खरंखोटं ठरवणारा मी कोण. पण ते पत्र मी बदलापूर गाडीत वाचलं होतं आणि पहिला विचार हा आला होता की उद्या आमच्यातल्या कोणाला काही झालं तर त्याच्या आईला दाखवायला आमच्याकडे काय असेल? चाळीस वेळा आठ. माझ्या सहीने.

म्हणजे मंगळवारचे पाच तास आणि त्या दीड वाजेपर्यंतच्या रात्री एकाच रकान्यात पुरल्या जातात. एकीकडे आम्ही क्लायंटला फसवतो आणि दुसरीकडे स्वतःला, पण याची वजाबाकी होऊन शून्य उरत नाही. ‘रात्री बसतो ना, मग दुपारी बसलो रिकामे तर काय’ हा आमच्या कँटीनमधला आवडता हिशेब आहे. मीही तो केलाय. तो मांडायचा तर दोन्ही बाजू कुठेतरी लिहिलेल्या लागतात.

बाबांची युक्ती घेऊन मी पुन्हा मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, ‘उपलब्ध, काम नाही’ असं एक कोड काढू या, कारणासकट. क्लायंटलाही कळेल की त्यांचं सर्व्हर किती वेळा पडतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘कळेल. आणि पुढल्या महिन्यात ते म्हणतील, आठ माणसं कशाला, सहा द्या. मग सर्वांत नवीन कोण आहे तुझ्या टीममध्ये?’

मी उत्तर दिलं नाही. नाव दोघांनाही माहीत होतं. तो बेंचवर जाणार, आणि बेंचवरून लोक कुठे जातात तेही दोघांना माहीत होतं. त्याचे वडील गेवराईकडे चार एकर कोरडवाहू करतात. घरी महिन्याला किती पाठवतो ते त्याने एकदा सांगितलं होतं. तो आकडा माझ्या घराच्या हप्त्याच्या जवळपास आहे.

इथे येऊन माझं नीतिशास्त्र अडकलं. माझ्या खरेपणाची किंमत मी भरणार असतो तर गोष्ट सरळ होती, करायची हिंमत झाली नसती तरी सरळ होती. इथे खरं मी बोलणार आणि भरणार तो. तत्त्वासाठी दुसऱ्याची नोकरी पणाला लावणाऱ्या माणसाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण मग शुक्रवारी मी त्याला वाचवलं होतं का? तसं स्वतःला सांगता आलं असतं, आणि दोन दिवस मी सांगूनही पाहिलं. पण शुक्रवारी बटण दाबताना बेंच माझ्या मनातही नव्हता. माझ्या मनात होतं की चाळीस आठांत एक तीन वाईट दिसतो आणि अंबरनाथ येतंय. शिवाय, वाचवलं म्हणावं तर त्याला कुठे माहीत होतं? त्याला वाटलं की त्याच्याकडून फॉर्म भरताना चूक झाली. माझ्या लेखी मी सर्वांत वाईट केलं ते हेच. त्याला खोटं लिहायला लावलं यापेक्षाही, खरं लिहिणं ही चूक आहे असं त्याला वाटू दिलं.

म्हणून त्याला खाली टपरीवर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. तीन का नको होते, आठ का हवे होते, क्लायंट, बेंच, आणि मॅनेजर जे म्हणाले तेही, त्याचं नाव निघालं त्यासकट. हे सांगणं शहाणपणाचं होतं की नाही मला माहीत नाही. तो कटिंग हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, ‘दादा, आमच्याकडे तास म्हणजे नांगराची चर. बाप म्हणतो, तास वाकडा गेला तर मागचे सगळे वाकडे जातात.’ मी म्हटलं, हे फारच पुस्तकातल्यासारखं झालं. तो हसला. ‘मग दुसरं सांगतो. काम नसलं की मला काम द्या. कोणी सांगितलेलं नसलं तरी चालेल. मग आठ लिहीन.’

त्याप्रमाणे आम्ही केलं. पेमेंटच्या जुन्या मॉड्यूलला एकही चाचणी नव्हती. ते लिहिणारे लोक केव्हाच सोडून गेले होते आणि त्याला हात लावायला सगळे घाबरायचे. रिकाम्या तासांत तो त्याच्या चाचण्या लिहीत बसू लागला. क्लायंटने ते मागितलं नव्हतं, पण ते त्यांच्याच उपयोगाचं होतं, आणि त्याने काय केलं ते शीटच्या शेऱ्यात शब्दशः लिहिलेलं असायचं. त्यात एक जुनी चूकही सापडली, पैसे परत करताना पैशांची गोळाबेरीज चुकीच्या बाजूला होत होती. तीन आठवडे त्याचे आठ खरे होते. माझे किती खरे होते ते मी इथे लिहीत नाही, पण आधीपेक्षा जास्त. पहिल्यांदाच मी शेऱ्यात ‘दुपारनंतर सर्व्हर बंद, प्रतीक्षा’ असं लिहिलं. त्यावर कोणीच काही म्हटलं नाही. बहुधा कोणी वाचलंच नसेल.

मग रिलीज आला. बुधवारी रात्री आम्ही सगळेच बसलो होतो. मी घरून, तो ऑफिसातून, कारण त्याच्या खोलीवर नेट नीट चालत नाही. शेवटची गाडी निघून गेली तेव्हा तो तिथेच खुर्च्या जोडून झोपला. शुक्रवारी संध्याकाळी नेहमीच्या गाडीत मी शीट उघडली. त्याने बुधवारच्या रकान्यात लिहिलं होतं १४.५. शेरा नव्हता, लागणारच नव्हता. सिस्टीमने आकड्याभोवती लाल चौकट काढली होती आणि खाली नेहमीच्या भाषेत सूचना होती की दिवसाची मर्यादा ९ तास, मंजुरी देणाऱ्याने दुरुस्त करून घ्यावे अथवा वरिष्ठांकडे कारणासह पाठवावे.

वरिष्ठ म्हणजे तेच, ‘सर्वांत नवीन कोण आहे’ विचारणारे.

कल्याण गेलं, उल्हासनगर गेलं. मी माझी स्वतःची शीट उघडली. बुधवारी मी पावणेतेरा तास काम केलं होतं आणि ८ लिहिले होते. ते खोडून १२.७५ केलं. माझ्याही रकान्याला लाल चौकट आली. मग दोन्ही शीट एकत्र निवडल्या आणि ‘वरिष्ठांकडे पाठवा’ दाबलं. कारणाच्या जागी लिहिलं : ‘काम केले.’ बदलापूरला उतरेपर्यंत बाकीच्या सहा जणांच्या शीट तशाच राहिल्या होत्या. मांजर्लीच्या रस्त्याला रिक्षात बसल्यावर त्या सहा जणांना एकेक करून फोन लावायला घेतला. त्यांच्या बुधवारच्या रकान्यात आठच होते.